साहसी मुलगा चाळिशीत पोहोचतो तेव्हा

१८ सप्टेंबर १९६४ च्या शुक्रवारी संध्याकाळी अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर 'जॉनी क्वेस्ट' सुरू झालं. अकरा वर्षांचा जॉनी, त्याचे शास्त्रज्ञ वडील डॉ. बेंटन क्वेस्ट, सरकारने नेमलेला अंगरक्षक रेस बॅनन, कोलकात्यात भेटलेला अनाथ मुलगा हाजी आणि बँडिट नावाचा छोटा कुत्रा. दर आठवड्याला ही मंडळी जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात जायची. तिथे सरडामाणसं, ममी, उडणारे प्राचीन सरपटणारे प्राणी, नाहीतर डॉ. झिनने पाठवलेला एकडोळ्या यंत्रहेर त्यांच्या मागे लागायचा. स्फोट व्हायचे, माणसं मरायची. शेवटी बँडिट काहीतरी खोडी काढायचा, सगळे हसायचे आणि पुढच्या शुक्रवारी पाटी पुन्हा कोरी.

ही कोरी पाटी म्हणजे साहसी कार्टूनचा पाया. अकरा वर्षांच्या मुलाने डोळ्यांदेखत इतकं पाहिलं, तर रात्री त्याला झोप लागते का? त्याची शाळा कुठे आहे? आई नाही, वडील प्रयोगशाळेत, मग मुलाला वाढवतंय कोण? यातला एकही प्रश्न मूळ मालिका विचारत नाही. विचारायचं तिला कारणही नव्हतं, कारण प्रेक्षक स्वतःच दहा-अकरा वर्षांचा होता. पण 'जॉनी क्वेस्ट'चे अवघे २६ भाग पुढची कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा दाखवले गेले. ते पाहणारी मुलं मोठी झाली, नोकरीला लागली, त्यांची लग्नं झाली, काहींची मोडलीही. मग त्यांच्यातल्याच काहींनी कागद-पेन्सिल हातात घेतली आणि राहून गेलेले ते प्रश्न विचारले. प्रौढांसाठीच्या विडंबनी कार्टूनमालिकांची सगळी गंमत इथून सुरू होते.

मराठी वाचकाला विडंबन नवं नाही. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने १९२५ मध्ये 'झेंडूची फुले' आणलं, तेव्हापासून आपल्याला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. विडंबन जमायचं तर मूळ कवितेचं वृत्त, तिची शब्दकळा आणि लकबी आधी हातात याव्या लागतात. वृत्त तेच ठेवायचं आणि आत वेगळा माल भरायचा. वृत्तच मोडलं तर उरते ती नुसती टिंगल. कार्टूनचंही तसंच आहे, फक्त तिथलं वृत्त डोळ्यांनी मोजावं लागतं.

ते वृत्त कसं घडलं हे बघू. चित्रपटात दर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. चांगल्या प्रतीच्या ॲनिमेशनमध्येही बहुतेक वेळा एक चित्र दोन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. २५ मिनिटांच्या भागाचा या दराने हिशेब केला, तर एकाच पात्रासाठी १८,००० चित्रं होतात. टीव्हीच्या पैशात आणि आठवड्याच्या मुदतीत हे होणं शक्यच नव्हतं. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएममध्ये वर्षानुवर्षं 'टॉम अँड जेरी' काढलं होतं. १९५७ मध्ये तिथला कार्टून विभाग बंद झाला आणि टीव्हीसाठी काम सुरू करताना त्यांनी चित्रांची संख्याच छाटली. धड एका पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यावर, डोकं दुसऱ्यावर, तोंड तिसऱ्यावर. पात्र बोलताना फक्त तोंडाचा पत्रा बदलायचा, तोही ठरलेल्या मोजक्या आकारांतून, आणि मधूनच एकदा पापणी मिटायची. पात्र पळत असेल तर पायांच्या त्याच काही चित्रांचं चक्र फिरवायचं आणि मागून तेच झाड, तीच खिडकी, तोच दिवा पुन्हा पुन्हा सरकवायचा. त्यांच्याच योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का असतो, याचं उत्तर इथे आहे. हलणारं डोकं आणि स्थिर धड यांचा सांधा त्या कॉलरखाली झाकला जातो.

हॅना-बार्बेराचंच 'जॉनी क्वेस्ट' दिसायला याहून श्रीमंत होतं. चित्रकथांमध्ये मुरलेल्या डग वाइल्डीने पात्रांची रचना केली होती. चेहऱ्यावर काळ्या सावल्यांचे गडद पट्टे, माणसांची खरी प्रमाणं, आणि मागे हॉइट कर्टिनचं दणदणीत जॅझ. पण हालचालीतली काटकसर तीच. कोणी बोलत असलं की बाकीचे पुतळ्यासारखे उभे.

या पुतळेपणाचा विनोदाला मोठा उपयोग होतो. चेहरा जवळजवळ हलत नसेल, तर वाक्य कितीही विचित्र असो, ते पूर्ण गांभीर्याने उच्चारल्यासारखं वाटतं. ज्या कडक जबड्याच्या, रुंद खांद्याच्या माणसाने तीस वर्षांपूर्वी 'पृथ्वी धोक्यात आहे' म्हटलं होतं, तोच त्याच थाटात फ्रिजमधलं आपलं सँडविच कोणी खाल्लं याची चौकशी करतो. आवाज आणि आकृती वीराची, काळजी मात्र तुमच्याआमच्या ऑफिसातली. या दोहोंमधल्या अंतरातून हसू येतं. म्हणून अशा मालिकांची हालचाल फार गुळगुळीत केली की विनोद पातळ होतो.

पहिला मोठा प्रयोग १५ एप्रिल १९९४ रोजी कार्टून नेटवर्कवर आला, 'स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट'. मूळ 'स्पेस घोस्ट' १९६६ चा. ॲलेक्स टॉथने रेखाटलेला, पांढऱ्या पोशाखातला अंतराळवीर. टर्नर या प्रसारण कंपनीने १९९१ मध्ये हॅना-बार्बेराचा सगळा साठा विकत घेतला होता आणि त्याच्या जोरावर १९९२ मध्ये ही वाहिनी सुरू केली होती. चित्रं हाताशी होती, नव्या मालिकेसाठी पैसा मात्र बेताचाच. मग जुन्या फितीतली चित्रं कापून त्या अंतराळवीराला मुलाखतकार बनवलं. टोळासारखा दिसणारा त्याचा जुना शत्रू झोरॅक वाद्यवृंद सांभाळतो, दुसरा शत्रू मोल्टार कंट्रोल रूममध्ये बसतो आणि पाहुणा म्हणून खराखुरा माणूस टीव्हीच्या पडद्यावर येतो. पाहुण्याची मुलाखत वेगळी चित्रित व्हायची आणि मग त्याच्या उत्तरांना भलतेच प्रश्न जोडले जायचे. त्यामुळे संभाषण सतत अर्धा इंच चुकल्यासारखं वाटतं. पाहुणा काहीतरी बोलून थांबतो, स्पेस घोस्ट नुसता बघत राहतो, एक सेकंद, दोन, तीन. जुन्या फितीत त्या प्रसंगाला बसणारं चित्रच नाही, म्हणून स्थिर चेहरा ताणून धरलेला असतो. अडचणीतून आलेली ही शांतता पुढे या सगळ्या प्रकाराची ओळख ठरली.

'सीलॅब २०२१' ने हेच शेवटच्या टोकाला नेलं. मूळ 'सीलॅब २०२०' हे १९७२ चं कार्टून, समुद्रतळावरच्या शास्त्रज्ञांच्या वसाहतीचं, पर्यावरणाची कळकळ असलेलं आणि अल्पायुषी. ॲडम रीड आणि मॅट थॉम्प्सन यांनी त्याची जुनी दृश्यं घेऊन त्यावर नवे संवाद चढवले. जगाची काळजी वाहणारे तेच शास्त्रज्ञ आता आपला मेंदू यंत्रमानवाच्या शरीरात बसवला तर काय काय करता येईल यावर तासन् तास वाद घालतात आणि खरं काम तसंच पडून राहतं. एका भागात वसाहतीतली वीज जाते आणि भागाचा बहुतेक वेळ आपण बाहेरून दिसणारं वसाहतीचं एकच स्थिर चित्र पाहतो. आत फक्त आवाज. काटकसरीचं वृत्त इतकं चोख पाळलं की तेच विनोद झालं.

२ सप्टेंबर २००१ रोजी कार्टून नेटवर्कने रात्रीच्या प्रौढांसाठीच्या कार्यक्रमांचा पट्टा सुरू केला, 'ॲडल्ट स्विम'. तिथे स्थिरावलेल्या 'हार्वी बर्डमन, ॲटर्नी ॲट लॉ' मध्ये १९६७ चा पंखवाला वीर वकील झालाय. जुन्या खलनायकांतला मनकवडा मेंटॉक न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो आणि हॅना-बार्बेराची पात्रं एकेक करून अशील म्हणून येतात. या मालिकेकडून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे तिची नेमकी निवड. डिसेंबर २००० मध्ये दाखवलेल्या पहिल्या भागात रेस बॅनन आणि डॉ. क्वेस्ट हे जॉनी व हाजीच्या ताब्यासाठी कोर्टात उभे राहतात. लेखकांनी हे हवेतून आणलेलं नाही. मूळ मालिका नीट पाहिली तर मुलांना पोहायला, लढायला, जगायला शिकवणारा रेसच आहे, वडील दुर्बिणीत गुंतलेले. दुसऱ्या एका भागात 'स्कूबी-डू' मधला शॅगी आणि त्याचा कुत्रा अमली पदार्थ बाळगल्याच्या संशयावरून पकडले जातात. सतत भूक, सतत भुतांचे भास, राहायला व्हॅन. हा संशय कित्येक प्रेक्षकांच्या मनात आधीपासूनच होता, मालिकेने त्याला फक्त खटल्याचं रूप दिलं.

चांगल्या विडंबनाची ही कसोटी लक्षात ठेवावी. विनोद मूळ कलाकृतीच्या पोटातून निघायला हवा. तो बाहेरून चिकटवलेला असेल, तर दुसऱ्या कुठल्याही कार्टूनला लावला तरी चालतो, आणि चालतो तोपर्यंत तो कच्चाच.

हार्वीचा भाग साधारण ११ मिनिटांचा असतो, यालाही कारण आहे. 'अमुक वीर आता वकील आहे' ही एकच कल्पना अर्धा तास ओढली की तिचा दम सुटतो. पहिल्या मिनिटात कल्पना कळते, पाचव्या मिनिटापर्यंत तिचे कोपरे तपासून होतात, दहाव्यापर्यंत ती उधळून द्यावी लागते. त्यापलीकडे जायचं तर माणसं उभी करावी लागतात, आणि ते करणारी मालिका म्हणजे 'द व्हेंचर ब्रदर्स'.

क्रिस्टोफर मॅकलॉक, म्हणजेच जॅक्सन पब्लिक, आणि डॉक हॅमर या दोघांनी तिचं लेखन जवळजवळ पूर्णपणे आपल्याच हाती ठेवलं. २००३ मध्ये नमुना भाग आला, ऑगस्ट २००४ मध्ये मालिका सुरू झाली. डॉ. रस्टी व्हेंचर हा लहानपणी जगप्रसिद्ध साहसी मुलगा होता. त्याचे वडील जोनस म्हणजे साठच्या दशकातला सर्वगुणसंपन्न महावैज्ञानिक. आता रस्टी टकला आहे, चाळिशी उलटलीय, गोळ्या खातो आणि वडिलांनी मागे ठेवलेल्या भल्यामोठ्या आवारात त्यांचेच जुने शोध धूळ झटकून विकायला बघतो. सोबत हँक आणि डीन ही जुळी मुलं, आणि ब्रॉक सॅमसन हा अंगरक्षक, जो रेस बॅननला हिंसेच्या टोकापर्यंत नेऊन घडवलाय.

एका भागात रस्टीने माणसाच्या मनातली सर्वोच्च इच्छा खरी करून दाखवणारं यंत्र बनवलंय. ते चालतं कशावर, असं खोदून विचारल्यावर हळूहळू कबुली बाहेर येते की त्याच्या गाभ्यात एका अनाथ मुलाचा काही भाग आहे. सगळा मुलगा वापरलेला नाही, हा रस्टीचा बचाव. पहिल्यांदा बघताना माणूस दचकून हसतो. पण हा माणूस असा का झाला, ते मालिका पुढे शांतपणे उलगडत जाते. ज्याचं बालपण वडिलांच्या साहसांचं सामान म्हणून वापरलं गेलं, त्याला दुसऱ्याचं मूल सामान वाटतं. विनोद तोच राहतो, फक्त खालची जमीन खोल होत जाते.

कोऱ्या पाटीचं तर या लेखकांनी फारच सुंदर केलंय. पहिल्या सीझनच्या शेवटी हँक आणि डीन मरतात, खरंच मरतात. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला कळतं की हे याआधीही अनेकदा झालंय. रस्टीकडे दोघांचे क्लोन तयार असतात आणि झोपेत शिकवणाऱ्या पलंगांतून त्यांच्यात आधीच्या आठवणी भरल्या जातात. म्हणूनच ही मुलं २००४ मध्येही साठच्या दशकातल्या पोरांसारखं निरागस बोलतात. कार्टूनमधलं पात्र दर आठवड्याला जसंच्या तसं परत कसं येतं, या जुन्या नियमाला मालिकेने एक कारण दिलं आणि ते कारण देताच नियम भयंकर दिसू लागला. पुढे क्लोन संपतात. तिथून प्रत्येक जखम कायमची.

हीच वहीखात्याची शिस्त सगळीकडे आहे. खलनायकांची एक रीतसर संघटना आहे. तिच्या परवानगीशिवाय कोणी कोणाशी वैर धरू शकत नाही, आणि बरोबरीच्या ताकदीचाच शत्रू मिळावा म्हणून श्रेणी लावलेल्या आहेत. फुलपाखराच्या वेशातला 'द मोनार्क' रस्टीचा द्वेष का करतो हे त्यालाही नीट सांगता येत नाही, पण तो द्वेषच त्याचं करिअर आहे. त्याच्या हस्तकांना नावं नाहीत, नुसते आकडे. एकवीस आणि चोवीस हे दोघे सगळ्या हल्ल्यांतून वाचतात, मागच्या रांगेत उभे राहून गप्पा मारतात आणि आपण का मरत नाही यावर चर्चा करतात. तिसऱ्या सीझनच्या अखेरीस, २००८ मध्ये, चोवीस मरतो. जुन्या कार्टूनात हस्तक मेल्याची दखलही घेतली जात नसे. इथे एकवीस पूर्ण सीझनभर मित्राची कवटी जवळ बाळगतो, तिच्याशी बोलतो, व्यायाम करून अंग कमावतो आणि दुःखाने कठोर होत जातो. एका आकड्याच्या मृत्यूसाठी प्रेक्षक हळहळतो. विडंबनाकडून एवढी अपेक्षा कोणी केली नव्हती.

खुद्द जॉनी क्वेस्टही इथे येतो. दुसऱ्या सीझनमध्ये तो समुद्रतळावरच्या एका लोखंडी गोळ्यात एकटा राहतो, नशेच्या आहारी गेलेला आणि वडिलांच्या आठवणीने पेटलेला. पुढच्या सीझन्समध्ये त्याचं नाव बदलून 'ॲक्शन जॉनी' झालं. चौथ्या सीझनमध्ये तो आणि रस्टी एकाच मानसोपचार गटात बसतात. गटातले सगळे माजी साहसी मुलं. खुर्च्या गोल मांडलेल्या, प्रत्येकाच्या वाट्याला एकेका जुन्या मालिकेची सावली. लेखकद्वयीने आपल्या मालिकेचा विषय अपयश हाच असल्याचं वेळोवेळी सांगितलंय. साठच्या दशकाने जेटपॅक, समुद्राखालची शहरं आणि चंद्रावरच्या वसाहती दाखवल्या होत्या. त्या दाखवणाऱ्यांची मुलं आता वडिलांच्या मोडक्या वास्तूंत राहतात. पिढीजात वाड्याचं छप्पर गळताना पाहिलेल्या कुणालाही ही भावना समजावून सांगावी लागत नाही.

आता फसतं कुठे ते बघू. सर्वांत मोठी चूक म्हणजे लहानांच्या पात्रांच्या तोंडी शिव्या घातल्या की प्रौढांचं कार्टून झालं, ही समजूत. शिवीचा धक्का पहिल्या दोन मिनिटांत संपतो. दुसरी चूक, नुसत्या ओळखीला विनोद समजणं. जुनं पात्र कोपऱ्यात दिसलं की प्रेक्षक 'अरे, हा तर तोच!' म्हणतो. ते ओळखीचं सुख आहे, हसू यायला त्या पात्राने काहीतरी करावं लागतं. तिसरी चूक मुळाबद्दलच्या तुच्छतेची. २०२३ मधल्या 'वेल्मा' चं उदाहरण घ्या. 'स्कूबी-डू' मधली चष्मेवाली मुलगी इथे भारतीय वंशाची, अभिनेत्री मिंडी केलिंगच्या आवाजात. कल्पनेत काहीच वाईट नव्हतं. पण मालिकेत स्कूबी कुत्राच नव्हता आणि उरलेली पात्रंही नावापुरती जुनी. वृत्तच नाही, मग विडंबन कशाचं? प्रेक्षकांची नाराजी सुरुवातीपासून उघड होती आणि दोन सीझननंतर २०२४ मध्ये ती बंद झाली.

भारतीय प्रेक्षकाला या प्रकारात एक वेगळी दारफट सापडते, ती हाजीची. डोक्यावर रत्नजडित फेटा, ओठांवर 'सिम सिम सलाबिम', दोरी हवेत उभी करणारी विद्या. 'हाजी' हे हजयात्रा केलेल्याला लावायचं बिरुद, आणि इथे ते जादूगार फकिराच्या साच्यातल्या पोराचं नाव. साठच्या दशकातल्या अमेरिकेने भारताबद्दल जे जे ऐकलं होतं ते एकाच मुलावर चढवलं गेलं. तरीही हाजी प्रसंगावधानी आहे, जॉनीला अनेकदा तोच वाचवतो, आणि १९९५ पासून इथे कार्टून नेटवर्क दिसू लागल्यावर मोठ्या झालेल्या पिढीत त्याच्यावर जीव लावणारे पुष्कळ आहेत. मुळातल्या चुका ढळढळीत दिसाव्यात आणि माया मात्र आटू नये, ही या मालिका समोर धरतात ती नजर हाजीला बघताना आपोआप येते.

पाहायला सुरुवात करायची असेल तर आधी मूळ. 'जॉनी क्वेस्ट' मधला यंत्रहेराचा भाग आणि १९६९ च्या 'स्कूबी-डू' चे दोन भाग पुरेत, तासाभराचं काम. मग 'हार्वी बर्डमन' मधले शॅगीच्या अटकेचा आणि मुलांच्या ताब्याचा असे दोन भाग. त्यानंतर 'व्हेंचर ब्रदर्स', पण २००३ चा नमुना भाग सोडून थेट पहिल्या सीझनपासून. नमुन्यातलं चित्रकाम कच्चं आहे आणि पात्रं अजून नुसती नक्कल आहेत. क्रम मोडू नका. मध्येच उचललेला भाग हसवेल, पण चोवीसची कवटी कळणार नाही. इंग्रजी सबटायटल चालू ठेवा, कारण संवाद भराभर पडतात आणि निम्मा विनोद पुटपुटण्यात आहे. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावरच. चित्रं मुलांची दिसतात, रक्त आणि बोलणं मुलांचं नाही. दोन सीझनमध्ये कधी तीन-तीन वर्षांचं अंतर पडलं आणि त्या काळात लेखकांसोबत पात्रंही थोडी थकलेली, थोडी शहाणी झालेली दिसतात. सातवा सीझन २०१८ मध्ये आला, २०२० मध्ये मालिका बंद झाल्याचं जाहीर झालं आणि जुलै २०२३ मध्ये एका चित्रपटातून तिचे लोंबकळते धागे बांधले गेले. तो चित्रपट शेवटीच पाहा.